पांढऱ्या गोळीचा पान्हा

१७ नोव्हेंबर २००३

ब्लाउज पुन्हा ओला. कापूस वेचताना वाटलं घाम असेल. पण या दिवसांत कुठला एवढा घाम? शेतातल्या आखाड्यावरच्या खोपीत कोणी नव्हतं. आत जाऊन बघितलं. दोन्हीकडून दूध. जरा दाबलं तर धारच लागली!

मला मूल नाही. नवऱ्याचं घर सुटून तीन वर्षं झाली. सुटून म्हणजे काय — त्यांनीच इथं आणून घातलं, "तुमची येडी तुमी सांभाळा" म्हणून. तेव्हापासून पुरुषाचा वारा नाही अंगाला. मग हे कुठून आलं?

जुन्या लुगड्याचा धडपा आत भरला आणि पुन्हा वेचायला गेले. मायनं विचारलं, एवढा उशीर काहून? म्हणाले, पोट दुखतं.

१९ नोव्हेंबर

पाळीही येत नाही. मायला वाटतं, आजारानं मागंपुढं होत असेल. मलाही तसंच वाटत होतं. आता भीती वाटते.

२३ नोव्हेंबर

हे गोळीमुळं असेल का?

पण गोळीला मी दोष कसा देऊ? पहिले ते दोघं माझ्या डोक्याशी बसलेले असायचे — एक बाई, एक बाप्या. माझ्याशी बोलत नसत. माझ्याबद्दल बोलत. "ही उठली. हिनं चूल पेटवली. बघ, हात धुतले न्हाईत हिनं." दिवसभर. मी त्यांना शिव्या द्यायचे, तर गावाला मी, शिवकन्या, एकटीच शिव्या देताना दिसायचे. सासर त्यातच गेलं. कळमनुरीला राहून बारावी केलेली मी, मला लेकरं दगड मारायची.

मग नांदेडला इंजेक्शन चालू झालं. त्यानं आवाज थोडे दबले, पण मान वाकडी झाली. जीभ जड. चहाची बशी हातात धरवत नव्हती. आणि पाय — पाय एका जागी ठरायचेच नाहीत. मेंढरं कोंडायच्या वाडग्याभोवती मी फिरत राहायचे, तळवे फुटेपर्यंत. बाबा म्हणाले, यापरिस ती बडबड बरी.

या उन्हाळ्यात हिंगोलीचे डॉक्टर मिळाले. ते दर गुरुवारी तिथल्या दवाखान्यात येतात. त्यांनी इंजेक्शन बंद करून ही पांढरी गोळी दिली. ते दोघं हळूहळू लांब गेले, शेजारच्या घरात बोलल्यासारखे. मग वेशीवर. मग एका सकाळी मी उठले तर फक्त मेंढरं रवंथ करत होती. तेवढाच आवाज. मी वाडग्यात बसून किती रडले! मायला वाटलं पुन्हा लागलं पोरीला.

ही गोळी मला सोडायची नाही. डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी ती काढून घेतली तर?

२७ नोव्हेंबर

हिंगोलीला जाऊन आलो. नेहमीसारखे बाबा आत, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. डॉक्टर विचारतात मला, उत्तर देतात बाबा. झोपते बराबर. खाते बराबर. काम करते. डॉक्टर हसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "अजून काही तकलीफ?"

बाबांचं पागोटं दिसत होतं डोळ्याच्या कडेला. बापासमोर छातीचं काय सांगू? नाही म्हणाले.

५ डिसेंबर

मोहिनीवहिनी माहेराहून, हट्ट्याहून आली, बाळंतपण उरकून. मुलगा झालाय. अजून नाव ठेवलेलं नाही, सगळे मुन्नाच म्हणतात. दादानं गावभर पेढे वाटले. दादाला एवढं हसताना मी माझ्या लग्नानंतर बघितलं नव्हतं.

मी हात पुढं केले तर मायनं मधेच उचलून घेतलं लेकराला. "तू नको घेऊ बाई. गोळीनं झोप येते तुला, सुटायचं हातातून."

मला झोप येत नाही. मायला माहीत आहे. मलाही माहीत आहे ती का म्हणाली.

वहिनी मान खाली घालून होती. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

११ डिसेंबर

वहिनी मुन्नाला खालीच ठेवत नाही. भाकर खाते तीही मांडीवर घेऊन. रात्रीसुद्धा दिवा चालू असतो म्हणे, दादा सांगत होता. मी अंगणात आले की ती आत जाते. आधी अशी नव्हती. मी परत आले त्या पहिल्या वर्षी माझी वेणी घालायची, मी बडबडत असले तरी.

तिला दूध कमी आहे. माय डिंकाचे लाडू घालते, खसखशीची खीर करून घालते. लेकरू तरी रडतं. आणि ते रडलं की माझ्याकडं पाझर फुटतो! तो आत रडतो आणि इथं भांडी घासताना माझी चोळी भिजते. दोन-दोन धडपे बांधते. धुऊन ज्वारीत, उभ्या ताटांवर वाळत घालते, कोणाला दिसू नये म्हणून.

२० डिसेंबर

आज घात झाला.

दुपारी माय रानात, बाबा आणि आमचे मेंढपाळ थावराकाका मेंढरं घेऊन तळ्याकडं. वहिनी न्हाणीत होती. झोळीत मुन्ना रडायला लागला. आधी बसून राहिले. मग त्याचा रडता रडता आवाजच बसला, श्वास अडकल्यासारखा. मी उचललं.

तो लगेच तोंड फिरवायला लागला माझ्या छातीकडं. त्याला काय ठाऊक कोण येडी, कोण शहाणी. सगळी चोळी भिजली. खरं लिहिते — मनात आलं. पण माझ्या अंगात गोळी आहे. ती दुधात उतरत असेल तर? त्या एवढ्याशा जिवाला काय होईल? मी त्याला खांद्यावर घेतलं, तोंड बाहेरच्या बाजूला केलं आणि अंगणात येऊन शेळ्या दाखवत उभी राहिले. तो गप्प झाला.

वहिनी ओल्या केसांनी बाहेर आली. माझी चोळी बघितली. मुन्नाला हिसकून घेतलं. पदरानं त्याचं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, ओठ लाल होईस्तोवर.  तिचे डोळे भलतेच होते. मी म्हणाले, मी पाजलं नाही वहिनी. ती आत गेली आणि कडी लावली.

दिवेलागणीला मायनं मला गोठ्यात नेलं. चोळी सोड म्हणाली. बघितलं. मग खालीच बसली शेणात.

"कोणाचं?"

एवढंच विचारलं.

२१ डिसेंबर

मी सांगितलं, गोळीनं होत असेल. दादा म्हणाला, गोळीनं कुठं दूध येतं का? मेंढीलासुद्धा व्यायल्याबिगर येत नाही.

बाबा काल जेवले नाहीत.

२२ डिसेंबर

पारुबाई सुईण आली. ओसरीवर निजवून पोट चाचपलं. माझ्याशी बोलली नाही, मायशीच बोलली. काही लागत नाही म्हणाली. माय जरा सावरली. मग जाता जाता पारुबाई म्हणाली, "पण लवकरचं असलं तर हाताला कळत न्हाई, बनाबाई." झालं! तेवढ्यावर माय पुन्हा खचली.

आता गावभर होणार.

२४ डिसेंबर

दादानं थावराकाकांना काढून टाकलं.

ते तांड्यावरून आमच्याकडं मेंढरं वळायला येतात, मी परकर नेसत होते तेव्हापासून. त्यांना नाती आहेत माझ्या वयाच्या. दादानं विचारलं नाही, पुसलं नाही. वाडग्याच्या तोंडाशी अडवलं आणि म्हणाला, उद्यापासून येऊ नको. त्यांनी विचारलं, माजं काय चुकलं? दादा म्हणाला, तुला ठावं. काका माझ्याकडं बघत उभे राहिले. मी ओरडून सांगायला पाहिजे होतं.  मग ते काठी खांद्यावर टाकून गेले. त्यांचं कुत्रं आमच्याच वाडग्यात राहिलं, त्याला कळलं नाही.

२९ डिसेंबर

एक गोष्ट कोणाला सांगता येत नाही.

मला खात्री आहे का? मी आजारी होते ती वर्षं मला नीट आठवत नाहीत. त्या दोघांनी सांगितलेलं मला सगळं खरं वाटायचं. माय विहिरीत औषध टाकते, हेही खरं वाटलं होतं. मग आता मला जे खरं वाटतं ते खरंच कशावरून? मी म्हणते पुरुषाचा वारा नाही. पण मला न कळता काही झालं असेल तर?

नाही. झालेलं नाही. मी रोज मायशेजारी झोपते.

तरी हात पोटावर जातो.

२ जानेवारी २००४

ठरवलं. गोळी बंद करते. दूध गोळीचं असेल तर गोळी थांबल्यावर थांबेल. मग सगळ्यांना दाखवते, बघा! थावराकाकांनाही परत बोलवावं लागेल दादाला. कोणाला सांगितलेलं नाही. माय गोळी हातावर देते ती जिभेखाली धरते आणि मोरीत थुंकते.

१५ जानेवारी

कमी झालं! काल संक्रांतीला पोळ्या लाटल्या, मुन्ना रडत होता, तरी एकच धडपा पुरला. आज गुरुवार, हिंगोलीला जायचं होतं. दादा म्हणाला, काही गरज नाही. मीही हो म्हणाले.

२४ जानेवारी

दूध जवळजवळ बंद. अंग हलकं वाटतं. डोकं लख्ख. हळद काढायला गेले, दिवसभर वाकून काम केलं, कंटाळा नाही. मायला आज सांगणार होते. उद्या सांगते. अजून थोडं पक्कं होऊ दे.

२८ जानेवारी

हळदीच्या वावरात कोणीतरी माझं नाव घेतलं. वळून बघितलं. माय लांब होती, पाठमोरी.

पाखरू असेल.

३१ जानेवारी

पाखरू नव्हतं.

४ फेब्रुवारी

गोळी पुन्हा घ्यावी का? घेतली तर दूध. दूध आलं तर पोट. नाही घेतली तर हे. वहिनी दाराआडून बघते. तिला कळलंय. ती मला बघते तशी कोणीच बघत नाही.

८ फेब्रुवारी

ही लिहायली. ही "लिहायली" असं लिहायली. हिला वाटतं कोणी बघत नाही. पोटात आहे ते बघतं. पोटात आहे ते मोजतं हिचे घास.

खाऊ नको

१० फेब्रुवारी

दूध सुकलं कारण त्यानं आतून पिलं

४ मार्च

अजून नीट लिहवत नाही. अक्षर वाकडं येतं.

काय झालं ते मला मायनं सांगितलं, थोडं आठवतं. महाशिवरात्रीच्या दिवशी मी हापशावर सगळ्या बायांसमोर ओरडले, की माझ्या पोटातलं बोलतंय, ऐका. बाया घागरी टाकून पळाल्या. दादानं दोरी आणली. मला खांबाला बांधलं ते मला आठवतं. दोरी मेंढरांची होती, तिला त्यांचा वास होता. पहाटे मी सुटून गेले, डोंगरकडा गावाच्या रस्त्यानं, अनवाणी. कुठं जायचं होतं, ठाऊक नाही.

रस्त्यात थावराकाकांनी ओळखलं. ते दुसऱ्याची मेंढरं घेऊन चालले होते. मी त्यांनाच घाबरून दगड मारला म्हणे. कपाळाला लागला. तरी त्यांनी मला तांड्यावर नेलं. त्यांच्या बायकोनं पाय धुतले, भाकर दिली, आणि बाबांना निरोप धाडला — माय सांगते, मी तिथं पोचेपर्यंत ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. बाबांनी मला आणलं. काका वेशीपर्यंत आले. घरात आले नाहीत, पाणीही घेतलं नाही. कपाळाला फडकं बांधलेलं होतं.

मग हिंगोली. यावेळी माय म्हणाली, मी जाते आत. बाबांना बाहेर बाकावर बसवलं. तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं, दूध, पाळी, पारुबाई, थावरा, सगळं. खाली बघत सांगितलं, पण सांगितलं. लघवी तपासली. रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, पोट नाही आणि नव्हतंही.

"हे त्या गोळीनं होतं. दूध आणणारं एक द्रव्य अंगात असतं, बाळंतिणीच्या अंगात वाढतं. ही गोळी काही बायांच्या अंगात ते वाढवते. शरीराला वाटतं लेकरू झालंय. म्हणून दूध येतं आणि पाळी थांबते."

मायनं विचारलं, "मंग माजी पोरगी खरं बोलत हुती?"

"हो."

डॉक्टर मला म्हणाले, आधी सांगितलं असतं तर गोळी बदलता आली असती, असं एकदम बंद करायचं नव्हतं. मी शेजारच्या खुर्चीकडं बघितलं. तिथं आज माय होती. त्यांनीही तिकडं बघितलं. मग म्हणाले, बाप शेजारी बसवून विचारलं, ती चूक माझी.

एसटीत मायनं माझा हात सोडला नाही.  डोंगरकड्याला उतरताना म्हणाली, "मी 'कोणाचं' म्हणून इचारलं. मला 'काय झालं' म्हणून इचाराय पायजे हुतं."

१३ मार्च

नवी गोळी. हिनं दूध येत नाही. पण झोप अशी, की बसल्या जागी मान पडते. आणि भूक! पाच भाकरी खाल्ल्या तरी पोटात खड्डा. चोळ्या उसवायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन वाढेल, साखर तपासत राहू. एक द्यायचं आणि एक घ्यायचं, असंच आहे हे. मान घेतली, मग दूध दिलं, आता हे अंग.

ते दोघं अजून आहेत. पण लांब. वेशीच्या अलीकडं.

२० मार्च

पाळी आली. माय उगीचच दोनदा येऊन विचारून गेली. मग हापशावर गेली, मलाही संगं नेलं. तिथं पारुबाई होती, बाया होत्या. मायनं घागर लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माज्या लेकीला गोळीचं दूध आलं हुतं. डॉक्टरनं तपासलं. आता कोणाला काय इचारायचं आसंल तर मला इचारा."  हापसा आपला खडखडत राहिला. मला हसू येत होतं आणि रडूही.

२३ मार्च

पाडव्याला दादा तांड्यावर गेला होता. थावराकाकांची माफी मागितली म्हणे. ते म्हणाले, राग नाही. पण परत येणार नाहीत. कुत्रं तेवढं घेऊन जातो म्हणाले. आज नातीला पाठवून नेलं.

दादा वाडग्याच्या दाराशी कितीतरी वेळ उभा होता. 

१ एप्रिल

हिंगोली. मायच आत आली. गोळी थोडी वाढवली. आता मी स्वतः सांगते, माय फक्त ऐकते.

घरात सगळे जरा मोकळे झालेत. बाबा माझ्याशी बोलतात, हळदीचं, पावसाचं. वहिनी मात्र तशीच. वाळत चाललीय. मुन्नाला कडेवरून उतरवत नाही, त्याची अंघोळ मायवर टाकते. आता तर सगळ्यांना कळलं ना खरं काय ते? तरी माझी एवढी भीती? मनाला लागतं. लागू दे.

९ एप्रिल

दुपारी घरात आम्ही दोघीच. वहिनी मुन्नाला घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, "ताई, तुमाला पयला आवाज आला, तवा तो कोणाचा वाटला?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. विचारलं, "तुला कोणाचा येतो, वहिनी?"

"बाईचा. हट्ट्याला हुते तवापसून. म्हणती, याला इहिरीत टाक. म्हणून मी याला खाली ठेवत न्हाई, इहिरीकडं जात न्हाई, पाण्यापाशी नेत न्हाई. घरात एकट्या तुमीच वळखलं आसतं. म्हणून तुमच्यापसून लांब ऱ्हायले."

मी हात पुढं केले. तिनं मुन्नाला माझ्याकडं दिलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

गुरुवार कालच झाला. पुढच्याची वाट बघायची नाही. उद्या सकाळच्या गाडीनं वहिनीला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात. तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसणार आहे.